रेट विचारायच्या आधी एवढं वाचा, भाऊ

आम्ही गोदामात माल वाहून नेणारे बेल्ट, म्हणजे कन्व्हेयर, बसवून देतो. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कन्व्हेयरचा फुटाला काय भाव?" आणि दुसरा, "तुमचा माणूस रेट द्यायच्या आधी अर्धा दिवस आमच्या गोदामात काऊन बसून राहते?" तेच सांगतो.

माल किती विचारलं की सगळे दिवसाचा आकडा देतात. समजा दोन हजार कट्टे, म्हणजे भरलेली पोती. आकडा खरा असते, पण दहा तासांत धरला तं तासाला 200, म्हणजे 18 सेकंदाला एक कट्टा, एकदम आरामात. आता सोयाबीनच्या सीझनमध्ये गाड्या काही आपल्या सोयीनं येत नाहीत, बाजार समितीतला लिलाव उरकला की दुपारून एकदमच गेटवर उभ्या, आणि तेच दोन हजार चार तासांत उतरवायचे म्हटलं की तासाला 500 झाले, सात सेकंदाला एक. मंग बेल्टचा स्पीड, मोटर, वजनकाटा, बारकोड स्कॅनर सगळंच बदलते, रेटही. एका ठिकाणी आम्ही दिवसाच्या आकड्यावर लाइन बसवली तं पहिल्याच गर्दीत काट्यापाशी कट्ट्यावर कट्टे चढले, शेवटी हमालांनी बेल्ट बंद करून पाठीवर माल नेला. मालक आमच्यावर लय तापले, निम्मी चुकी आमचीच होती म्हणा. तेव्हापासून गर्दीच्या तासाला किती कट्टे येतात ते आमच्या माणसानं बसून मोजल्याशिवाय कोटेशन नाही, कोणी दुसरा व्हॉट्सॲपवर पाच मिनिटात देत असला तरी.

मोठ्या गिऱ्हाइकाला आम्ही एकच माणूस लावतो. मोजणी त्याचीच, कोटेशन त्याचंच, सप्टेंबरात बेरिंग अन् बेल्ट पाहायला तोच येते, अन् तुमच्या गिअरबॉक्सचा रेशो त्याच्या वहीत असते म्हणून स्पेअर फोनवरच ठरते. तुमच्याकडूनही एकच जण बोलू द्या. मालक म्हणतात तागाचा बारदाना, मुनीम म्हणतात प्लास्टिकचा, आणि प्लास्टिकचा कट्टा गुळगुळीत बेल्टवर चढाला घसरते, त्याला खरखरीत बेल्टच लागते. अन् माप भरलेल्या कट्ट्याचं द्या, रिकामा जमिनीवर पसरून मोजलेलं कामाचं नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडत असलं तं तेही आधीच सांगा.

भेटीचे पैसे नाहीत, फक्त गर्दीच्या दिवशी बोलवा. उन्हाळ्यात बोलावलं तरी येऊ, पण मंग मागच्या सीझनची गेटपासची वही काढून ठेवा, तिच्यात गाडी आल्याचा टाइम असते.