महाबीजाणूवरच्या तीन रेघा

‘वनस्पतीची नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी येते, सोबत एका हिरव्या झुबक्याचा फोटो असतो. वाचणाऱ्याची समजूत होते की कुणीतरी जंगलात गेलं, कधी न पाहिलेलं रोप दिसलं आणि त्याला नाव देऊन टाकलं. आधी शब्दाचं सांगतो. अशा बातमीत बहुतेकदा ‘जाती’ म्हणायचं असतं; विश्वकोशाच्या परिभाषेत प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. सिलाजिनेला ही प्रजाती. तिच्या सातशेच्या आसपास जाती माहीत आहेत आणि त्यात अजून भर पडतेच आहे. पण सिलाजिनेलाची नवी जात फोटोवरून क्वचितच ठरते. पुष्कळदा निकाल लागतो तो अर्ध्या मिलिमीटरच्या एका गोळ्यावर. या लेखात मला सांगायचं आहे ते त्या गोळ्याबद्दल.

सह्याद्रीतल्या घाटांत, पावसाळ्यात पाणी झिरपणाऱ्या दरडींवर सिलाजिनेला दिसते. लोक ‘शेवाळ’ म्हणून पुढे जातात. ती शेवाळ नाही आणि मॉसही नाही. तिला खरी मुळं आहेत, पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्या आहेत. नेचे आणि फुलझाडं ज्या शाखेवर आहेत, तिच्यापासून हिच्या पूर्वजांची शाखा 40 कोटी वर्षांपूर्वीच फुटली. दगडी कोळसा ज्या दलदलींत तयार झाला, तिथले तीस-तीस मीटर उंच वृक्ष हे हिचेच भाऊबंद.

श्रावणात ताम्हिणीच्या रस्त्याकडेला गुडघे टेकून दहा पटींच्या भिंगातून मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं, तेव्हा बराच वेळ उठवेना. डहाळीवर पानांच्या चार ओळी: दोन बाजूंना मोठी पानं, वरच्या अंगाला दोन ओळींत चिमुकली. प्रत्येक पानात एकच शीर. टोकाला चौकोनी शंकू. शंकूतल्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक पिशवी, तिला बीजाणुधानी म्हणतात; पुढची पिढी ज्यांतून वाढते त्या पेशी म्हणजे बीजाणू, त्यांची ही पिशवी. काही पिशव्या गुळगुळीत, तर काही आतून कुणी ढोपर मारावं तशा चार ठिकाणी फुगलेल्या.

त्या फुगलेल्या पिशवीतली गोष्ट अशी. सुरुवातीला आत बऱ्याच जननपेशी असतात. त्यांतली सहसा एकच टिकते, बाकीच्या विरघळतात आणि त्यांचं अन्न हिला मिळतं. मग ती अर्धसूत्री विभाजनाने, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाने, चार होते. हे चार महाबीजाणू; सुरुवातीला म्हटलेला अर्ध्या मिलिमीटरचा गोळा तो यांतलाच एक. गुळगुळीत पिशवीत मात्र तशा पुष्कळ पेशी टिकतात, आणि तयार होतात शेकडो लघुबीजाणू, महाबीजाणूच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढे.

आता चार लाडू घ्या. तीन खाली एकमेकांना टेकवून ठेवा आणि चौथा वर, मधल्या खाचेत बसवा. कुठलाही लाडू उचलून पाहा, तो इतर तिघांना टेकलेला असतो. लाडू मऊ असताना दाबले, तर प्रत्येकावर तीन सपाट बाजू उमटतील आणि त्या बाजू जिथे भेटतात तिथे तीन कडा उठतील. नेमकी हीच तीन रेघांची खूण प्रत्येक महाबीजाणूवर असते. पेशी कधीच्या सुट्या झाल्या, पण चौघी एकत्र होत्या याची खूण राहते. पुढे हीच खूण कामाला येते. महाबीजाणूच्या आत, त्याच्याच कवचात, अंडपेशी तयार करणारी छोटीशी मादी पिढी वाढते. कवच या तीन रेघांवर उकलतं आणि अंडपेशी उघड्या पडतात. लघुबीजाणूतून दोन शेपट्यांच्या शुक्रपेशी निघतात आणि ओल्या मातीवरच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत तिथवर जातात. महाबीजाणू आईच्या अंगावरच राहिला आणि त्याच्याभोवती आवरण आलं, तर त्याला आपण बी म्हणतो. बी असलेल्या झाडांचे पूर्वज वेगळ्या वाटेने तिथे पोचले. सिलाजिनेला तशीच एक वाट चालत उंबरठ्यापर्यंत आली.

त्या कवचाच्या बाहेरच्या बाजूवर जातीनुसार नक्षी असते: कुठे जाळी, कुठे पुळ्या, कुठे मेंदूसारख्या वळ्या. पानं सावलीत लांबतात, उन्हात आखूड होतात. नक्षी तशी सहसा बदलत नाही. म्हणून नवी जात मांडणारा अभ्यासक पानाच्या कडेचे केस मोजतो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली दोन्ही बीजाणूंचे फोटो घेतो, हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या नमुन्यांच्या कपाटांपुढे महिनोन् महिने बसतो आणि जवळच्या जातींशी फरक दाखवतो. शेवटी एक वाळवलेला नमुना ‘प्ररूप’ म्हणून कायमचा जपला जातो. नाव त्या नमुन्याला बांधलेलं असतं. 2012 पासून वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीत दिलं तरी चालतं.

याच प्रजातीतली एक जात, सिलाजिनेला ब्रायोप्टेरिस, जत्रांत ‘संजीवनी’ म्हणून विकली जाते. वाळलेला गोळा पाण्यात टाकला की उलगडतो आणि विक्रेता म्हणतो, मेलेलं जिवंत झालं. ही जात कोरडी पडून पुन्हा हिरवी होते, हे खरं आहे आणि विलक्षण आहे. पण उलगडणं हा जिवंतपणाचा पुरावा नाही. मेक्सिकोच्या चिवावा वाळवंटातल्या तिच्या बहिणीच्या मेलेल्या काड्यासुद्धा पाण्याने उलगडतात, कारण काडीच्या दोन बाजू पाणी शोषून कमीजास्त फुगतात. वनस्पतीला स्वतःच्या पेशी वाळवून जपता येतात, म्हणून ती आपला आजार बरा करेल, हा तर्क कुठेच जुळत नाही. 2016 मध्ये उत्तराखंड सरकारने संजीवनीच्या शोधासाठी 25 कोटी रुपयांची घोषणा केली होती. तेवढ्यात किती हर्बेरियमं सावरली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्यानमारच्या काचिन भागातल्या सुमारे 10 कोटी वर्षं जुन्या अंबरमध्येही (झाडांच्या दगडासारख्या घट्ट झालेल्या राळेतही) सिलाजिनेलाच्या डहाळ्या सापडल्या आहेत, आणि त्यांवरून 2020 मध्ये कितीतरी नव्या जाती मांडल्या गेल्या. डायनोसॉरांच्या काळातली ही रोपं, तरी पानांच्या त्याच ओळी, मोठी बाजूला, चिमुकली वर. काही तुकड्यांत शंकू आहे. आणि जिथे बीजाणू दिसतात, तिथे वर्णन करणारा आजही पहिली तीच खूण शोधतो: एका बिंदूतून निघालेल्या तीन रेघा.