लिनोच्या ठशाआधीचा गोर्गा

उत्तर सुमात्रात तोबा सरोवराच्या काठी आणि त्यातल्या सामोसिर बेटावर तोबा बाटक लोकांची खांबांवर उभी असलेली जुनी लाकडी घरे अजून दिसतात. त्यांच्या दर्शनी फळ्यांवर वळत, एकमेकींत गुंतत जाणाऱ्या रेषांची कोरीव नक्षी असते. ही गोर्गा. लिनोछपाई, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून कागदावर ठसा घेणे, शिकणारे आज तिच्याकडे वळतात, हे मला फार स्वाभाविक वाटते, कारण गोर्गा मुळातच कोरणाऱ्याच्या हाताची कला आहे.

तिचे रंग तीनच: लाल, पांढरा आणि काळा. लाल रंग तांबड्या दगडातून, पांढरा चुनखडीच्या मातीतून, तर काळा कोळशातून काढत. नक्षी निव्वळ शोभेची नव्हती. दर्शनी बाजूच्या तुळयांच्या टोकांवरचे ‘सिंगा’ मुखवटे घराची राखण करत. ‘बोरास्पाती’ ही पाल भूमीच्या दैवताशी आणि सुपीकतेशी जोडलेली. तिच्याजवळ कोरलेले स्तन मातृत्वाची, भरभराटीची खूण. आठ दिशांची ‘देसा ना उआलू’ ही आकृती दातू म्हणजे पुरोहित-वैद्य शुभाशुभ पाहताना वापरत. झाडाच्या सालीच्या घडीव पोथ्यांतही, पुस्तहांमध्ये, ती सापडते.

1864 मध्ये जर्मन मिशनरी लुडविग नोमेन्सन सिलिंडुंगच्या खोऱ्यात आले. ख्रिस्ती धर्म पसरला, तसा दातूंचा प्रभाव ओसरला. पुढे पत्र्याची आणि सिमेंटची घरे आली आणि कोरणाऱ्यांचे काम घटले. नक्षी मात्र टिकली. चर्चच्या इमारतींवर आणि पूर्वजांच्या स्मारकांवर ती आजही दिसते.

लिनोलियमचा जन्मही 1860 च्याच दशकातला. इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी जवसाचे तेल आणि बुचाचा भुसा वापरून ते बनवले, तेही जमिनीवर अंथरायला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन चित्रकारांनी त्यावर कोरून छापे काढले. इंडोनेशियात 1946 मध्ये, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षदिनानिमित्त, मोख्तार आपिन आणि बहारुद्दीन मारासुतान या चित्रकारांनी लिनोचित्रे केली. लिनोला लाकडासारखे तंतू नसतात, म्हणून सुरी कुठल्याही बाजूला सहज वळते. गोर्गाच्या ‘सिमेओल-एओल’सारख्या वेटोळ्या नक्षीला हे फार मानवते.

फरक पांढऱ्यात आहे. घरावर तो रंग म्हणून भरला जातो. लिनोत तो बहुधा कोरून मोकळ्या ठेवलेल्या जागेतला कागदच असतो. म्हणून आधी पांढरे काय राहणार ते ठरवावे. मग लाल छापावा आणि शेवटी काळा. छापा उलटा उमटतो. बोरास्पातीची समोरासमोरची जोडी असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण देसा ना उआलूभोवती दिशांची नावे बाटक लिपीत लिहायची असतील, तर ती ठशावर उलटीच उतरवावी लागतात, कारण ही लिपी डावीकडून उजवीकडे वाचतात.