मोहाशी झुंज: ख्रिस्ती तयारीमागचा इतिहास

पाठ केलेली वचने, उपास, रात्रीचे आत्मपरीक्षण, विश्वासातल्या माणसापाशी केलेली कबुली ही मोहाविरुद्धच्या तयारीची साधने आज बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथांत कमी-अधिक प्रमाणात दिसतात. ती एका काळात किंवा एका हातून घडलेली नाहीत. पण ज्यांनी ती घडवली त्यांना एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळली: मोह समोर आल्यावर तयारीला वेळ उरत नाही, आणि झुंजीचा निकाल बहुधा पहिल्या विचारापाशीच लागतो. म्हणून तयारी शांत काळात करायची असते.

सुरुवात अर्थातच अरण्यातल्या परीक्षेपासून होते. चाळीस दिवसांच्या उपासानंतर प्रभू येशूने सैतानाला तीन उत्तरे दिली आणि तिन्ही बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतली आहेत. हे अध्याय इस्राएलच्या अरण्यातल्या परीक्षेविषयीचेच आहेत, म्हणजे उत्तर प्रसंगाला नेमके लागू पडणारे होते. इथे एक इशाराही आहे. सैतानानेही 91 व्या स्तोत्रातले वचन पुढे केले होते. वचन तोंडपाठ असणे पुरत नाही. ते कोणत्या संदर्भातले आहे हेही ठाऊक असावे लागते.

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली शस्त्रसामग्री सर्वांच्या परिचयाची आहे: सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, पायी सुवार्तेची सिद्धता, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार. यातले उरस्त्राण आणि शिरस्त्राण यशया 59:17 मध्ये स्वतः परमेश्वर धारण करतो. म्हणजे विश्वासणाऱ्याला दिलेली सामग्री देवाची स्वतःची आहे. आज्ञाही चाल करून जाण्याची नाही, ‘उभे राहा’ अशी आहे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (5:8) उरस्त्राण विश्वासाचे व प्रीतीचे आहे, तर शिरस्त्राण तारणाच्या आशेचे. त्यामुळे रोज सकाळी एकेक वस्तू चढवल्याचे ठरावीक शब्द उच्चारले की संरक्षण मिळते, असे समजणे चूक आहे. इफिसकरांस पत्राच्या त्याच अध्यायात, अठराव्या वचनात, सतत प्रार्थना व जागृती सांगितली आहे, आणि सामग्रीच्या चित्रांत रमून नेमके तेच बाजूला पडते.

पहिल्या शतकांत ही तयारी बाप्तिस्म्याशी जोडलेली होती. एका जुन्या मंडळी-नियमात उमेदवाराच्या शिक्षणासाठी तीन वर्षांची मुदत दिसते. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये उमेदवार पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारत आणि मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करत. नकार असा एकदा स्पष्ट, सर्वांसमक्ष उच्चारलेला असे. पुढच्या आयुष्यात त्याचीच आठवण ठेवायची असे.

विचारांचा बारकाईने अभ्यास मात्र इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांनी केला. एवाग्रियस (सुमारे 345 ते 399) हा पोंतस प्रांतातला विद्वान आधी नित्रिया आणि मग केलिया येथे राहिला. त्याने त्रासदायक विचारांचे आठ प्रकार लावले: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, राग, आळसट कंटाळा, पोकळ मोठेपणा आणि गर्व. विचार येतो की नाही हे आपल्या हाती नाही, तो रेंगाळतो की नाही हे आपल्या हाती आहे, असे त्याने लिहून ठेवले. या एका भेदाने किती मने हलकी झाली असतील! मोह येणे म्हणजे पाप घडणे असे मानणारा माणूस पहिल्या विचारालाच हार मानतो आणि मग ‘आता बिघडलेच आहे’ म्हणून पुढे वाहवत जातो.

प्रत्येक प्रकारावर त्याने वचनांचा एक संग्रह केला. आठ भाग, सुमारे 500 नोंदी; प्रत्येक नोंदीत आधी नेमका विचार आणि त्यापुढे त्याला द्यायचे शास्त्रवचन. आजही हेच करता येते. आपल्याला वारंवार सतावणारे दोन-तीन विचार त्यांच्याच शब्दांत लिहावेत (‘एकदाच तर आहे’, ‘कोणाला कळणार आहे’), प्रत्येकासमोर एक वचन संदर्भासह ठेवावे आणि ते शांत असताना पाठ करावे. वचन छोटे असावे. विचाराशी वाद घालत बसू नये, कारण वाद लांबला की विचाराचा मुक्कामही लांबतो.

उपायही त्याने विकारानुसार वेगळे सांगितले: भटकणाऱ्या मनाला वाचन, जागरण व प्रार्थना, पेटलेल्या वासनेला भूक, कष्ट व एकांत, रागाला स्तोत्रगायन, सहनशीलता व दया. सोबत अट घातली की हे सारे योग्य वेळी आणि योग्य मापात व्हावे. अवेळी आणि बेसुमार केलेले टिकत नाही व अपायच करते. कंटाळ्याचा हल्ला साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात होतो, असेही त्याचे निरीक्षण होते. सूर्य हलत नाहीसा वाटतो, जागा आणि काम नकोसे होते, बंधूंमध्ये प्रेम उरले नाही असे भासते. त्या घटकेला खोली सोडायची नाही, हा त्याचा नियम.

मापाचा प्रश्न जॉन कॅसियनने पुढे नेला. इजिप्तमध्ये शिकून तो आजच्या फ्रान्समधल्या मार्सेयला आला आणि पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने हे शिक्षण लॅटिन जगाला दिले. त्याने नोंदवलेला रोजचा आहार म्हणजे दोन छोट्या सुक्या भाकऱ्या, मिळून जेमतेम एक रोमन पौंड, आजच्या सुमारे 325 ग्रॅम. हे माप त्या तपस्व्यांचे. सरसकट अनुकरणासाठी नाही. महत्त्वाचा आहे तो त्यामागचा विचार: आज काहीच न खाणे आणि उद्या पोट फुगेस्तोवर खाणे यापेक्षा रोजचे मोजके खाणे बरे. हेरोन नावाच्या वृद्ध तपस्व्याची हकीकतही त्याने दिली आहे. पन्नास वर्षे वाळवंटात राहिलेला हा माणूस पुनरुत्थानाच्या सणालाही बंधूंसोबत जेवत नसे. अखेर स्वतःच्याच मतावर विसंबून, सैतानाला देवदूत समजून, त्याने विहिरीत उडी घेतली. दोष उपासाचा नव्हता. कोणाला न विचारण्याचा होता.

म्हणूनच कॅसियन तरुण संन्याशांना सांगतो की कोणताही विचार लाजेपोटी लपवू नका. जो विचार वडीलधाऱ्यांना सांगायची लाज वाटते तो सैतानाचा असण्याची तीच खूण आहे. ऐनवेळच्या प्रार्थनेसाठी तो 70 व्या स्तोत्राचे पहिले वचन देतो: देवा, साहाय्याला ये, त्वरा कर. झोपताना, उठताना, काम करताना हेच. पुढे पोप ग्रेगरी (590 ते 604) यांनी आठांची यादी सातांवर आणली, गर्वाला सर्वांचे मूळ म्हणून वेगळे ठेवले आणि हेवा त्यात घातला.

सातव्या शतकात सीनाय पर्वतावरच्या योहान क्लिमाकसने विचाराच्या पायऱ्या मांडल्या: मनात येणे, त्याच्याशी बोलणे सुरू होणे, संमती, बंदिवास, झगडा आणि शेवटी जडलेला विकार. पहिल्या पायरीला दोष नाही. दुसरीवर थांबणे सोपे, चौथीवर फार कठीण. याकोबाच्या पत्रातली वासना-पाप-मरण ही साखळी (1:14-15) इथे अधिक बारीक झालेली दिसते.

1521 मध्ये स्पेनमधल्या पाँप्लोनाच्या लढाईत जखमी झालेल्या आणि पुढे जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाने या वारशाला रोजच्या सरावाचे रूप दिले. त्याच्या साधनाक्रमाला 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्यातले सर्वसाधारण आत्मपरीक्षण पाच टप्प्यांचे आहे: आभार, पाप ओळखण्यासाठी कृपेची याचना, सकाळपासून तासातासाचा आढावा, क्षमायाचना आणि सुधारण्याचा निश्चय. एका ठरावीक दोषासाठी वेगळी पद्धत आहे. सकाळी उठताच तो दोष टाळण्याचा निश्चय करायचा. चूक घडताच छातीवर हात ठेवायचा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मोजणी करून त्या दिवसाच्या दोन रेषांवर तेवढे ठिपके द्यायचे. मग दुपार-रात्र, दिवस-दिवस, आठवडा-आठवडा ताडून पाहायचे. दोष एकच निवडायचा. पाच निवडले की एकही नीट पाहिला जात नाही. दोषांची यादी करण्यातच वेळ गेला आणि आभार राहिले, तर हा सराव काही दिवसांत निराशेकडे नेतो. मन कोरडे पडले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी, हा त्याचा नियम एवाग्रियसच्या ‘खोली सोडू नका’ याच्याशी जुळतो.

प्रोटेस्टंट मंडळींनी ही तयारी घराघरात आणली. इंग्लंडचा धर्मपंडित जॉन ओवेन 1658 मध्ये येशूने गेथशेमाने बागेत शिष्यांना सांगितलेल्या ‘जागृत राहा व प्रार्थना करा’ या शब्दांवर लिहिताना धोक्याचे काळ सांगतो: असाधारण ऐहिक भरभराट, आत्मिक सुस्ती, मोठ्या आत्मिक आनंदानंतरचे दिवस आणि स्वतःवरचा फाजील विश्वास. यातला तिसरा काळ लोकांना हमखास चकवतो, कारण उपास-प्रार्थनेनंतर माणूस पहारा सैल सोडतो.

डिसेंबर 1738 मध्ये मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीने छोट्या गटांसाठी नियम लिहिले. आधार याकोब 5:16. आठवड्यातून किमान एकदा, ठरल्या वेळी जमायचे आणि प्रत्येकाने मागच्या भेटीपासून कोणती पापे घडली, कोणते मोह आले आणि त्यांतून सुटका कशी झाली हे सांगायचे. 1742 मध्ये ब्रिस्टलला सुरू झालेले सुमारे बारा जणांचे वर्ग याहून वेगळे होते. त्यांत स्त्री-पुरुष एकत्र असत. छोट्या गटांत मात्र पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या, विवाहित-अविवाहितही वेगळे. मोठ्या, मिश्र बैठकीत माणूस मोघम बोलतो, ‘प्रार्थना कमी पडते’ इतकेच सांगतो. खरा मोह सांगायला तीन-चार जणांचे, गुप्तता पाळणारे वर्तुळ लागते.