उन्हाळ्याच्या कुंडाला निघण्याआधी

'उन्हाळ्याची गाडी कधी?' असं कुणी विचारलं की आमच्या सहलीच्या ऑफिसातलं नवीन पोरगं मे महिन्याच्या तारखा सांगायला लागतं. उन्हाळे हे राजापूरजवळचं गाव. तिथं गरम पाण्याचं जुनं कुंड आहे आणि आमची गाडी तिथं थंडीतच जाते. मे महिन्यात घामाघूम होऊन गरम पाण्यात उतरण्यात काय मजा?

दुसरा ठरलेला प्रश्न: 'गंगा आलीय का?' राजापूरची गंगा वेगळी. ती याच गावात, पण वर टेकडीवर चौदा कुंडांत प्रकटते. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण तिचा नेम नाही. गरम झरा मात्र बारमाही. त्यामुळे गंगा नाही म्हणून बुकिंग रद्द करू नका. आली असेल तर दोन्ही करू.

खाली ज्वालामुखी आहे का, असंही विचारतात. नाही. पावसाचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की उष्णता साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणात तुरळ, आरवली, उन्हवरे इथंही असेच झरे आहेत. तुरळचं पाणी अंग भाजेल इतकं कढत, राजापूरचं साधारण 42 अंश, म्हणजे आंघोळीला बेताचं.

पाण्याला गंधकाचा वास येतो, आणि इथंच गंमत होते. मागच्या खेपेला एक आजी काठावर पाय सोडून बसल्या, पायांत हुपरीची चांदीची पैंजणं. उठल्या तेव्हा ती पिवळट झालेली, गगनबावड्याला चहाला थांबलो तोवर काळी. रांगोळीनं घासल्यावर उजळली म्हणे, पण परतीची सगळी वाट आजी आमच्याशी बोलल्या नाहीत. चांदी घरी ठेवून या.

आधी पाय बुडवा, मग हळूहळू उतरा. दहा मिनिटं पुष्कळ झाली. बीपी, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. साबण, शाम्पू कुंडात अजिबात नको. बाहेर आल्यावर पाणी प्या, थोडं बसा. लगेच गाडीत बसलात तर घाटात चक्कर आणि उलटी ठरलेली.

गाडी कोल्हापुरातून पहाटे 5 वाजता निघते. कळे, गगनबावडा, मग करूळ किंवा भुईबावडा, जो घाट चालू असेल तो, आणि पुढं राजापूर. पावसाळ्यात दरडी कोसळतात म्हणून तेव्हा आम्ही सहल नेत नाही. राजापुरात थोडा वेळ बाजारात फिरू. 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर तोफा डागायला आले ते इंग्रज इथल्याच वखारीतले. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापुरावर चाल करून त्याचा हिशेब चुकता केला. पन्हाळा रोज बघणाऱ्या आपल्या माणसांना ही जागा दाखवल्याशिवाय आम्ही आणत नाही.

ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी आणा. सीटवर टाकलेत तर गंधकाचा वास आठवडाभर निघत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गाडीला लग्नाचं भाडं असतं.