भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी: संशय नेमका कशावर घ्यायचा?

दादर-परळच्या दातांच्या दवाखान्यांत “डॉक्टर, मला भुलीचं इंजेक्शन चालत नाही” असं सांगणारे पेशंट नेहमी येतात. अशांची नीट तपासणी केली, तर खरी ॲलर्जी शंभरात एखाद्यालाही क्वचितच निघते. उपाशीपोटी लोकलमध्ये उभं राहून आलेला माणूस सुई दिसताच घामाघूम होतो, पांढराफटक पडतो, नाडी मंदावते. ही भीतीची भोवळ. छाती धडधडून हात थरथरले, तर बहुधा औषधात मिसळलेल्या ॲड्रेनलिनचा परिणाम. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, तोंडाला धातूसारखी चव, हे मात्रा जास्त झाल्याचं किंवा औषध थेट रक्तवाहिनीत गेल्याचं लक्षण.

ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, ओठ-पापण्या सुजतात, श्वासाला घरघर लागते, रक्तदाब कोसळतो.

पूर्वी असं झालेलं असणं, हा सगळ्यांत मोठा धोका. त्यानंतर औषधाचा गट. प्रोकेन, बेंझोकेन या भुलीच्या औषधांच्या विघटनातून पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल तयार होतं आणि ॲलर्जी मुख्यतः त्याची असते. केसांच्या काळ्या रंगानं पुरळ येणाऱ्यांनी बेंझोकेनच्या मलमांपासूनही जपावं. आज सर्रास वापरलं जाणारं लिग्नोकेन वेगळ्या गटातलं, त्याची ॲलर्जी फारच विरळा.

मग लिग्नोकेननंतर गांधी का उठतात? बाटली हातात घेऊन लेबल वाचा. 30 मिलीच्या बाटलीचं रबरी बूच अनेकदा टोचलं जातं, म्हणून जंतू वाढू नयेत यासाठी तिच्यात बहुधा मिथाइलपॅराबेन घातलेलं असतं. कुणाला त्याचीच ॲलर्जी असते. ॲड्रेनलिन टिकावं म्हणून मेटाबायसल्फाइट घालतात, ते काही दमेकऱ्यांना सोसत नाही. सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी मात्र वेगळी, तिचा इथे संबंध नाही. हातमोज्यांचं लॅटेक्स आणि तोंड धुवायला दिलेलं क्लोरहेक्सिडिन यांच्यावरही संशय घ्यायलाच हवा.

त्वचेवर थेंब ठेवून टोचणं, मग त्वचेत पातळ द्रावण, शेवटी त्वचेखाली वाढती मात्रा, अशी तपासणी होते. ती ॲलर्जीतज्ज्ञाकडे, तीव्र रिॲक्शनवरचं औषध म्हणून ॲड्रेनलिन हाताशी असलेल्या हॉस्पिटलातच करावी. परिणाम झाकणारी ॲलर्जीची गोळी आधी किती दिवस बंद ठेवायची, तेही त्यांनाच विचारावं. गल्लीतल्या दवाखान्यात दंडावर घाईनं दिलेला ‘टेस्ट डोस’ विश्वासाचा नाही. सुई टोचल्यानंही त्वचा लाल होते आणि माणसावर उगाच आयुष्यभराचा शिक्का बसतो.

कधी रिॲक्शन आलीच, तर डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या: औषधाचं नाव, टक्केवारी, किती मिली, ॲड्रेनलिन होतं का, किती मिनिटांनी काय झालं. लेबलचा फोटोही काढून ठेवा.