टेपला उपाशी ठेवू नका

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. तेव्हापासून मराठवाड्यात कुठेही विज्ञानाच्या गप्पा निघाल्या की चार-चार किलोमीटरच्या त्या दोन भुजांचा विषय येतोच. मग कुणी तरी विचारतं, असल्या वेधशाळांचा डेटा ठेवतात कुठे? आणि उत्तरही स्वतःच देतं : क्लाउडवर! चुंबकीय टेपचं नाव काढलं की लोकांना गाण्यांची कॅसेट आठवते, आणि ती तर कधीच संपली, असं म्हणून विषय मिटतो.

संपलेली नाही. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने २०१७ मध्ये टेपवरच्या साठ्यात २०० पेटाबाइटचा, म्हणजे दोन लाख टेराबाइटचा टप्पा ओलांडला. २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे काही जीमेल खाती रिकामी झाली, तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रतींनाही तोच फटका बसला होता. ती पत्रं गूगलने टेपवरून परत आणली. कपाटातली टेप कशालाच जोडलेली नसते, म्हणून ना दोष तिच्यापर्यंत पोचतो, ना खंडणीखोर व्हायरस. 'क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे' ही जाहिरातीची भाषा झाली. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीतले संगणक, आणि बॅकअपची गरज त्यांनाही असते.

विज्ञानात तर ही गरज जास्तच. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या अमेरिकेतल्या यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. तो संकेत जेमतेम ०.२ सेकंदाचा होता. ती लहर दोन कृष्णविवरांच्या टकरीतून उठली होती, आणि ती टक्कर पुन्हा घडवून आणता येत नाही. नोंद गेली की गेलीच.

आता मला खरं ज्यात रस आहे त्या गोष्टीकडे वळतो : एकाच वेळी अनेक टेप ड्राइव्हवर, म्हणजे टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या यंत्रांवर, लिहिणं.

एलटीओ-८ ही बॅकअपच्या टेपची एक प्रमाणित जात. तिच्या एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे टेपच्या डबीत, १२ टेराबाइट मावतात. आत अर्धा इंच रुंदीची ९६० मीटर टेप असते. तिच्यावर ६६५६ समांतर पट्ट्या आखलेल्या असतात आणि ड्राइव्हचं डोकं एका वेळी ३२ पट्ट्या लिहितं. म्हणजे टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत २०८ वेळा डोक्यासमोरून जाते. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. सेकंदाला ३६० मेगाबाइट या वेगाने कार्ट्रिज भरायला सव्वानऊ तास लागतात. हा वेग कमी पडला की साहजिकच वाटतं, ड्राइव्ह वाढवा. चार लावले की काम चौपट वेगाने होईल.

बहुतेक वेळा होत नाही. साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. लातूर-बीडकडच्या कुणालाही ठाऊक असतं की गव्हाणीत ऊस सलग पडत राहिला तरच गाळप नीट चालतं. यार्डात गाड्या नसल्या तर कारखाना थांबतो, आणि पुन्हा सुरू करण्यात वेळ आणि वाफ दोन्ही वाया जातात. टेप ड्राइव्हचं तसंच आहे. टेप सेकंदाला काही मीटर वेगाने पळत असते. लिहायला डेटा उरला नाही की ड्राइव्हला थांबावं लागतं. पण पळती टेप जागच्या जागी थांबत नाही, थोडी पुढे जाते. मग ती मागे घ्यायची, आणखी थोडी मागे न्यायची, पुन्हा वेग द्यायचा आणि जिथे लिखाण तुटलं होतं नेमकं तिथून पुढे लिहायचं. यात सेकंदच्या सेकंद जातात, टेप आणि डोकं दोन्ही झिजतात. ड्राइव्ह आपला वेग कमी करून काही काळ निभावतो, पण सेकंदाला साधारण ११० मेगाबाइटच्या खाली त्याचाही इलाज चालत नाही.

आणि कार्यालयातली नेहमीची एक गिगाबिटची लाइन देते किती? आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट. एका ड्राइव्हचंही पोट त्यात भरत नाही. चार ड्राइव्हना १४४० लागतात. दहा गिगाबिटची लाइनसुद्धा १२५० वर संपते. त्यात फायली लाखभर आणि बारीकबारीक असतील तर वाचणाऱ्या डिस्कचाच वेग कोसळतो. उपाय दोन. एक, डेटा आधी वेगवान डिस्कवर जमा करायचा आणि तिथून टेपवर सोडायचा. दोन, अनेक संगणकांचे मंद प्रवाह एकत्र गुंफून एकाच ड्राइव्हला द्यायचे. दुसऱ्या उपायात लिहिणं सुरळीत होतं, पण एका संगणकाचा डेटा परत काढताना बाकीच्यांचाही ओलांडत जावं लागतं.

समजा, पुरवठ्याची सोय झाली. आता एकच प्रचंड मोठी फाइल आहे आणि ड्राइव्ह पाच आहेत. फाइलचे तुकडे पाडून पहिल्या चार टेपांवर आळीपाळीने लिहायचे. पण मग चारांपैकी एक टेप खराब झाली तर? प्रत्येक चौथा तुकडा गायब, म्हणजे फाइलच गेली. इथे पाचवा ड्राइव्ह कामाला येतो. चार टेपांवरच्या एकाच जागेचे बिट, म्हणजे डेटा ज्यांचा बनतो ते ० किंवा १, घ्यायचे, समजा १, ०, १, १. यात १ तीनदा आला, म्हणजे विषम वेळा. मग पाचव्या टेपवर १ लिहून संख्या सम करायची. ती आधीच सम असेल तर पाचवीवर ०. आता तिसरी टेप हरवली. उरले १, ०, १ आणि पाचवीवरचा १. १ तीनदा दिसतोय, सम व्हायला हवा, म्हणजे हरवलेला बिट १ च होता. पाचांपैकी कोणतीही एक टेप जाऊ द्या, उरलेल्या चारांतून ती अक्षरशः बिटनिशी परत उभी राहते. शाळेतल्या सम-विषमावर उभी असलेली ही युक्ती मला अजूनही विलक्षण सुंदर वाटते.

तिची किंमत मात्र मोजावी लागते. पाचही ड्राइव्ह एकमेकांना बांधलेले राहतात. एखाद्याला टेपवर खराब जागा लागली आणि तो भाग त्याने पुढे पुन्हा लिहिला, की बाकीचे चार ताटकळतात, उपाशी पडतात आणि वर सांगितलेली मागे-पुढे कसरत एकदम सगळीकडे सुरू होते. म्हणून प्रत्येक ड्राइव्हमागे भरपूर राखीव मेमरी हवी. शिवाय ड्राइव्ह डेटा स्वतःच दाबून लहान करतात. मजकूर चांगला दाबला जातो, व्हिडिओ जवळजवळ नाही. त्यामुळे टेपा एकाच वेळी संपतील याचीही खात्री नसते.

खंडेनवमीला सर्व्हरच्या रॅकला हळदकुंकू वाहतात, लिंबू-मिरची टांगतात. यंत्राबद्दलचा आदर मला समजतो, पण कुंकवाची पूड टेपच्या डोक्यापाशी जाणं म्हणजे नासधूस, आणि लिंबाने बॅकअप सुरक्षित होत नाही. तो सुरक्षित आहे का हे परत वाचून बघितल्याशिवाय कळत नाही. दीर्घकाळ ठेवायच्या टेपांना १६ ते २५ अंश तापमान मानवतं. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर असताना त्या वातानुकूलन नसलेल्या खोलीत ठेवू नयेत, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ.

मग ही पाच टेपांची रचना कुणी करावी? ज्यांच्याकडे रोज एकेक अवाढव्य फाइल तयार होते त्यांनी. एखाद्या महाविद्यालयाने किंवा सहकारी बँकेने दोन ड्राइव्ह घेतले असतील तर दोन्हींवर संपूर्ण आणि स्वतंत्र प्रती लिहाव्यात, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवावी. कारण तुकडे करून लिहिलेला डेटा परत आणायच्या दिवशी ड्राइव्ह एकच चालू असेल, तर पाचांपैकी किमान चार टेपा एकामागून एक वाचून आधी डिस्कवर उतरवाव्या लागतात. टेपा काठोकाठ भरलेल्या असतील तर त्याला ३७ तास लागतात आणि ४८ टेराबाइट मोकळी जागा लागते. फाइल जोडायला सुरुवात त्यानंतर.