पुलाला बळी लागतो म्हणे

“पुलाचं काम काढलंय, तिन्हीसांजेला बाहेर हुंदडू नकोस,” आजी दटावायची. पूल टिकायचा तर पायात एक पोर लागतं, गोणीवाला येतो नि उचलून नेतो! सोलापुरातल्या आमच्या गल्लीत ही भीती पक्की होती. गावोगावी ती अशीच ऐकायला मिळते.

दगडी कमान बांधताना पाहिली की या समजुतीचं मूळ थोडंफार कळतं, असं मला वाटतं. कमान अर्धवट असताना तिला स्वतःचा जीवच नसतो. पाचरीसारखे घडवलेले दगड लाकडी ढोल्यावर, म्हणजे कमानीच्या आकाराच्या तात्पुरत्या आधारावर, दोन्हीकडून रचत आणायचे आणि शेवटी माथ्यावर कळीचा दगड ठोकून बसवायचा. तोवर सगळा भार ढोल्यावर. मग ढोला काढायचा. कमान किंचित खाली बसते, दगड दगडाला आवळतो, नाहीतर सगळंच खाली येतं. त्या घटकेला गवंडी देवाला नारळ फोडत असेल तर नवल नाही.

आपला काळा दगड दाबाला अफाट सोसतो, ताणाला मात्र कच्चा. लांब फरशी दोन टेकूंवर ठेवून मध्ये भार टाकला तर तिची खालची बाजू ताणली जाते आणि तिथूनच ती तडकते. कमानीत हा ताण शिल्लकच राहत नाही. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1675 मध्ये याची गुरुकिल्ली एका कूटवाक्यात लपवून छापली: लोंबती साखळी जसा आकार घेते, तोच उलटा केला की ताठ कमान उभी राहते. कुलपाची साखळी दोन्ही टोकांना धरून पाहा. तिच्यात नुसता ताण असतो. आकार उलटला की नुसता दाब.

हा दाब शेवटी काठाच्या भिंतींवर जातो, तोही तिरका. कमान जितकी चपटी, तितका बाजूचा रेटा जास्त.

हैदराबाद रस्त्यावरचं नळदुर्ग आम्हा सोलापूरकरांना हाकेच्या अंतरावर. किल्ला नळराजाचा, असं तिथले लोक सांगतात. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल मात्र दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात, तेव्हा महालाच्या खिडकीत माणूस कोरडा उभा राहतो.

जुन्या बांधकामाच्या चुन्यात गूळ, बेलफळ घालत, ही ऐकीव गोष्ट मात्र निव्वळ भाकड नाही. साखरेच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो आणि सावकाश आळतो, त्यामुळे गवंड्याला हात फिरवायला सवड मिळते. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो वर्षानुवर्षं कठीण होत राहतो. सिमेंटइतका ताठर नसल्याने इमारत जराशी हलली तरी निभावून नेतो.

एवढं असूनही 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला, सोबत एसटीच्या दोन गाड्या गेल्या. अशा पुलांना मोठा धोका असतो तो पाण्याखाली. खांबाला आपटलेला प्रवाह खाली वळतो, भोवऱ्यासारखा फिरतो आणि पायाजवळची वाळू-माती उपसून नेतो. पाया जरासा खचला की कमानीचे पाय सरकतात आणि दगडांची पकड सुटते. हे आधी लक्षात येणंही अवघड, कारण पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरून निघतो आणि कठड्यावरून वाकून पाहणाऱ्याला पात्र होतं तसंच दिसतं.